सायकलवाल्याला नियम लागू नाहीत का?

१. एक प्रश्न, दोन तक्रारी

“सायकलवाल्याला ना लायसन्स, ना नंबरप्लेट, ना विमा. मग त्याला नियम तरी कसले?” मलकापूर, नांदुरा, खामगाव या पट्ट्यात राष्ट्रीय महामार्ग ५३ वर रोज गाडी चालवणाऱ्यांच्या तोंडी हा प्रश्न असतो. समोरून राँग साइडने येणारी सायकल, रात्री दिव्याशिवाय चाललेली सायकल, हात न दाखवता एकदम उजवीकडे वळलेली सायकल अशी त्यांची तक्रारींची यादी आहे, आणि ती खोटी नाही.

सायकलस्वाराची यादीही तितकीच खरी आहे. मागून कर्कश हॉर्न देत कट मारून जाणारी काळी-पिवळी, खडीच्या साइडपट्टीवर उतरायला लावणारा ट्रक, समोरून डिपर न देता डोळ्यांवर पडणारा अप्पर, रस्त्याच्या कडेला आडवी उभी केलेली मोटार. दोघांनाही वाटते की नियम मोडतो तो समोरचा.

बुलढाणा जिल्ह्यात सायकल अजून कामाची आहे. मोटारसायकलीने तिची बरीच जागा घेतली, तरी शाळेतली मुले, शेतमजूर, दूधवाले आणि फेरीवाले तिच्यावरच फिरतात. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. अट अशी, की मुलगी शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणारी असावी. म्हणजे शासन स्वतःच मुलींना सायकल देऊन रस्त्यावर आणते. त्या रस्त्यावर त्यांचे स्थान काय, हे म्हणूनच नीट समजून घेतले पाहिजे.

२. कायदा सायकलीकडे कसा पाहतो

मोटार वाहन कायदा १९८८ हा नावाप्रमाणे मोटार वाहनांचा कायदा आहे. यंत्राच्या शक्तीवर चालणारे आणि रस्त्यावर वापरण्याजोगे वाहन म्हणजे मोटार वाहन, अशी त्याची व्याख्या. पायाने चालणारी सायकल त्यात बसत नाही. म्हणून तिला नोंदणी नाही, चालवणाऱ्याला परवाना नाही, तृतीय पक्ष विम्याची सक्ती नाही. बॅटरीवर चालणाऱ्या सायकलीलाही ठरावीक मर्यादेत हीच सूट मिळते. मोटरची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असावा, ही त्यातली मुख्य अट आहे. त्यापुढे गेलेली ई-बाइक मात्र मोटार वाहन ठरते, मग तिला पॅडल असो वा नसो.

परवाना लागत नाही याचा अर्थ नियम लागत नाहीत, असा मात्र नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ मध्ये ‘वाहन’ या शब्दाच्या व्याख्येतच सायकलीचा समावेश आहे. त्याच कायद्यात रस्त्याच्या डाव्या बाजूने चालण्याचे बंधन आहे आणि वाहतुकीचे नियमन करण्याचे अधिकारही दिलेले आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे ‘कोणतेही वाहन’ चालवण्याला शिक्षा सांगते, त्यात मोटारीची अट नाही. सायकलीने म्हाताऱ्या माणसाला धडक देऊन जखमी करणारा सायकलस्वार कायद्यापुढे गुन्हेगार ठरू शकतो.

जुन्या पिढीला हे वेगळे सांगावे लागत नाही. नगरपालिकांचा सायकलीवर कर होता, तो भरला की पत्र्याचा बिल्ला मिळे. दिव्याशिवाय किंवा डबल सीट सायकल चालवली तर पोलीस अडवत, चाकातली हवा सोडत, दंड करत. मोटारी वाढल्या तसे पोलिसांचे लक्ष तिकडे गेले. नियम कागदावर राहिले आणि ‘सायकलला नियमच नाहीत’ हा समज रुजला.

फरक आहे तो नियमांच्या वजनात. सिग्नल तोडणे, हातात मोबाइल धरून गाडी चालवणे, वाहतुकीच्या उलट दिशेने जाणे या गोष्टी मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली ‘धोकादायक वाहन चालवणे’ ठरतात. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तीच चूक सायकलस्वाराने केली तर त्याला हे कलम लागत नाही. अनेक चालकांना हा पक्षपात वाटतो. तो का नाही, हे पुढच्या हिशेबातून कळते.

३. वजन आणि वेग यांचा हिशेब

चालत्या वस्तूत साठलेली ऊर्जा दोन गोष्टींवर ठरते, वजन आणि वेग. वजन दुप्पट झाले तर ऊर्जा दुप्पट होते. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट होते.

सायकल आणि स्वार मिळून ८० किलो, वेग ताशी १५ किलोमीटर असे धरू. ऊर्जा येते सुमारे ७०० जूल. आता १,००० किलोची लहान मोटार ताशी ५० किलोमीटरने घेऊ. तिची ऊर्जा येते सुमारे ९६,००० जूल, म्हणजे सायकलीच्या जवळजवळ १४० पट. भरलेल्या ट्रकचा हिशेब तर याच्या कितीतरी पुढे जातो.

वासरानेही ढुशी द्यायची नाही आणि बैलानेही द्यायची नाही, हा नियम गोठ्यात दोघांना सारखाच असतो. तरी दावे कोणाचे जाड ठेवायचे, हे शेतकऱ्याला विचारावे लागत नाही. परवाना, विमा, नंबरप्लेट आणि मोठा दंड ही रस्त्यावरची जाड दावी आहेत. ती १४० पट ऊर्जा घेऊन फिरणाऱ्यासाठी आहेत.

आकडे याच बाजूचे आहेत. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, त्यातली १५,२२४ महाराष्ट्रात. एकूण मृतांत सायकलस्वार सुमारे ३ टक्के होते, म्हणजे पाच हजारांच्या आसपास. मृत्यूंच्या कारणांत सर्वांत वर अतिवेग आहे, सत्तर टक्क्यांहून अधिक. सायकल काही अतिवेगाने जात नाही.

४. मुलगी राँग साइडने का येते

चालकांचा सर्वांत मोठा राग राँग साइडने येणाऱ्या सायकलींवर असतो. चौपदरी रस्ता झाला, मध्ये डिव्हायडर आला आणि उलट दिशेने जाणे ही रोजची गोष्ट झाली. ती का झाली, हे एका कल्पित गावाच्या उदाहरणावरून पाहू.

गावाचा रस्ता महामार्गाला मिळतो तिथून शाळा ४०० मीटरवर आहे, महामार्गाच्या याच बाजूला. पण ती आहे उजव्या हाताला, आणि या बाजूची वाहतूक चालते डाव्या हाताला. नियम पाळायचा तर मुलीने आधी डावीकडे दीड किलोमीटर जावे, डिव्हायडरच्या फटीतून पलीकडे वळावे, मग अडीच किलोमीटर उलट येऊन शाळेच्या पुढची फट गाठावी, तिथून पुन्हा अलीकडे वळावे आणि ६०० मीटर चालून शाळेत पोहोचावे. एकूण ४.६ किलोमीटर. राँग साइडने गेले तर ४०० मीटर.

ताशी १२ किलोमीटरने जाणाऱ्या मुलीला नियमाचा रस्ता २३ मिनिटे घेतो आणि नियम मोडणारा २ मिनिटे. ताशी ६० ने जाणाऱ्या मोटारीला तोच फेरा पाच मिनिटांच्या आत पुरा होतो, तोही पाय न हलवता. नियम दोघांना एकच असला तरी त्याची किंमत मुलीला पाचपट पडते, आणि ती तिला स्वतःच्या दमाने भरावी लागते.

यात आणखी एक अडचण आहे, जी मोटारीत बसलेल्याला सहसा दिसत नाही. नियमाच्या रस्त्यात मुलीला दोन वेळा डिव्हायडरच्या फटीतून वळावे लागते. त्यासाठी डाव्या कडेवरून सर्वांत वेगवान गाड्यांच्या उजव्या लेनपर्यंत जावे लागते, तिथे ट्रकांच्या मध्ये थांबावे लागते, आणि मग समोरच्या वाहतुकीत शिरावे लागते. ४०० मीटर कडेने उलट जाणे तिला यापेक्षा सुरक्षित वाटले, तर त्या वाटण्यात तथ्य आहे.

हे केवळ बुलढाण्याचे नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या वेस्ली मार्शल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे १८,००० लोकांना रस्त्यावरच्या नियमभंगाबद्दल विचारले. कधी ना कधी नियम मोडल्याचे जवळजवळ प्रत्येकाने कबूल केले, मग तो मोटारवाला असो, सायकलवाला असो की पायी चालणारा. फरक कारणांत होता. मोटारचालकांचे मुख्य कारण होते वेळ वाचवणे, तर सायकलस्वारांनी सर्वांत जास्त वेळा सांगितलेले कारण होते स्वतःचा जीव सांभाळणे.

डेन्मार्कच्या रस्ते विभागासाठी चौकांत कॅमेरे लावून केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. जिथे सायकलींसाठी वेगळी वाट होती तिथे नियम मोडणारे सायकलस्वार ५ टक्क्यांपेक्षा कमी निघाले. जिथे ती नव्हती तिथे हे प्रमाण १४ टक्क्यांवर गेले. देश तोच आणि लोकही तेच. बदलला होता तो फक्त रस्ता.

५. तरीही राँग साइड जीवघेणी का

कारण समजले म्हणून धोका कमी होत नाही, आणि हे सायकलस्वारालाही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

मोटार ताशी ८० ने चालली आहे आणि सायकल १५ ने. दोघे एकाच दिशेने जात असतील तर मोटार सायकलीजवळ ताशी ६५ च्या वेगाने सरकते. मधले १०० मीटर अंतर संपायला साडेपाच सेकंद लागतात. सायकल समोरून येत असेल तर दोन्ही वेग मिळून ९५ होतात आणि तेच अंतर पावणेचार सेकंदांत संपते. चालकाच्या हातातले पावणेदोन सेकंद गेले.

दुसरा धोका गल्लीच्या तोंडाशी असतो. आडव्या रस्त्यावरून महामार्गावर डावीकडे वळणारा चालक उजवीकडे पाहतो, कारण वाहतूक तिकडूनच येणार असते. राँग साइडची सायकल त्याच्या डावीकडून येते. तिथे त्याची नजरच नसते.

रात्रीचा हिशेब याहून कडक आहे. डिपरवर ठेवलेला मोटारीचा प्रकाश साधारण ४० ते ५० मीटर उपयोगी पडतो. ताशी ५० च्या वेगात समोर काही दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत ३५ ते ४० मीटर जातात, त्यात दीड सेकंद चालकाला सावध व्हायला लागतो. हे जेमतेम जमते. ताशी ८० च्या वेगात हेच अंतर सुमारे ७५ मीटर होते. म्हणजे दिवा नसलेली सायकल चालकाला दिसेल तेव्हा ब्रेक दाबूनही उपयोग नसतो. मागे चांगला लाल रिफ्लेक्टर असेल तर तो कितीतरी आधी चमकतो. मडगार्डवर चिकटवलेली रिफ्लेक्टर पट्टी हा सायकलस्वाराच्या हातातला सर्वांत स्वस्त विमा आहे. ती नाही म्हणून माणूस जाणे फार वाईट.

हाच हिशेब चालकालाही सांगतो, की अंधाऱ्या रस्त्यावर डिपरच्या प्रकाशात ८० चा वेग ठेवणे म्हणजे न दिसणाऱ्या जागेत गाडी घालणे होय. तिथे सायकलीऐवजी बैलगाडी असेल, उसाची ट्रॉली असेल किंवा शेगावला पायी निघालेले भाविक असतील.

६. चालकाच्या वाट्याचे नियम

केंद्र सरकारने २०१७ मध्ये वाहन चालवण्याची नवी नियमावली लागू केली. धोका नसेल तेव्हाच आणि रस्ता मोकळा दिसत असेल तरच ओव्हरटेक करावे, हे तिचे एक मूलभूत सूत्र आहे. सायकलीच्या बाबतीत ते सर्वांत जास्त मोडले जाते. समोरून एसटी येत असताना सायकलीला ओलांडण्याची घाई केली की तिच्यासाठी उरते ती साइडपट्टी, आणि डांबराची कड जिथे वीतभर उंच असते तिथे चाक घसरून सायकल आत, म्हणजे गाडीखाली, पडते. राजूर घाटासारख्या वळणावळणाच्या रस्त्यावर तर पुढे काही दिसतच नाही. चढावर दमलेला सायकलस्वार सरळ रेषेत चालू शकत नाही, तो थोडा डोलतो. त्याच्यासाठी जागा सोडायची तर मागे थांबणे हाच मार्ग उरतो, आणि त्यात फार तर अर्धा मिनिट जातो.

जागा किती सोडायची? जर्मनीत २०२० पासून कायद्यानेच गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर ठरवले आहे. फ्रान्समध्ये ते एक आणि दीड मीटर आहे. दीड मीटर म्हणजे पाच फूट. सायकलस्वार आडवा पडला तरी चाकाखाली येऊ नये, एवढे ते अंतर असते.

उभ्या गाडीचे दार मागे न पाहता उघडणे आणि वळणावर गाडी उभी करणे या चुका लहान समजल्या जातात. बाजाराच्या रस्त्यावर त्यांनीच सायकलस्वार पडतो, आणि पडतो तो वाहतुकीच्या मध्यावर.

७. अपघात झाला तर चूक कशी वाटली जाते

‘सायकलवाल्याचीच चूक होती’ असे म्हटले की चालकाची सुटका झाली, अशी समजूत आहे. कायदा तसा चालत नाही. दोघांची चूक असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ती टक्केवारीत वाटते.

उदाहरणादाखल, जखमी सायकलस्वाराचे नुकसान १० लाख रुपये ठरले. तो दिव्याशिवाय होता म्हणून ३० टक्के चूक त्याची, चालक वेगात होता म्हणून ७० टक्के त्याची, असा निष्कर्ष निघाला. सायकलस्वाराला ७ लाख मिळतात. त्याच्या नियमभंगाची किंमत तो ३ लाखांनी मोजतो, पण हक्क गमावत नाही. लहान मुलांवर अशी चूक टाकायला न्यायालये सहसा तयार नसतात.

याशिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम १६४ आहे. त्याखाली चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूबद्दल ५ लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये भरपाई मागता येते. धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृत्यूबद्दल २ लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार मिळतात, त्यासाठी तहसील किंवा उपविभागीय कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो. मे २०२५ पासून मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्याला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळण्याची योजनाही लागू आहे. ही माहिती गावात फार थोड्यांना असते. न्यायाधिकरणाकडे दावा करायला कायद्याने सहा महिन्यांची मुदत ठेवली आहे आणि शोकात बुडालेल्या घरात ते महिने कसे जातात ते कळत नाही.

जखमीला दवाखान्यात नेणाऱ्यालाही याच कायद्याच्या कलम १३४अ चे संरक्षण आहे. नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

नेदरलँड्सने याहून पुढचे पाऊल टाकले आहे. तिथे मोटार आणि सायकल यांची धडक झाली, तर सायकलस्वाराची चूक असली तरी प्रौढाला किमान निम्मी भरपाई मोटारवाल्याकडून मिळते, आणि १४ वर्षांखालील मुलाला पूर्ण. जो जास्त इजा करू शकतो त्याने जास्त जबाबदारी घ्यावी, हे तत्त्व तिथे स्वीकारले आहे आणि ते न्याय्य आहे.

८. तिसरा पक्ष

चालक आणि सायकलस्वार एकमेकांना दोष देत असताना तिसरा पक्ष नजरेआड राहतो, तो म्हणजे रस्ता बांधणारा. समृद्धी महामार्गाने हा प्रश्न एका रीतीने सोडवला. जिल्ह्यातल्या देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार आणि मेहकर तालुक्यांतून जाणाऱ्या या रस्त्यावर सायकलीलाच नव्हे, मोटारसायकल आणि रिक्षालाही बंदी आहे. अतिवेगवान रस्त्यापुरते हे योग्यच आहे. पण गावांना जोडणाऱ्या रस्त्यावर बंदी चालत नाही, कारण तिथे दुसरी वाटच नसते.

तिथले उपाय जुने आणि माहितीतले आहेत. गावापाशी दोन्ही बाजूंनी सर्व्हिस रोड, पायी आणि सायकलने ओलांडता येईल असा भुयारी मार्ग, डांबराशी सपाट असलेली पक्की साइडपट्टी, शाळेजवळ वेग ताशी ३० वर आणणारे गतिरोधक. सायकल मार्ग कसे आखावेत यासाठी भारतीय रस्ते काँग्रेसचे आयआरसी ११ हे मानक आहे. रस्त्याच्या रचनेत मानके पाळली नाहीत आणि त्यामुळे कोणी मेले किंवा अपंग झाले, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८अ खाली संबंधित यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सायकली आणि पादचारी यांच्यासाठी नियम करण्याचा अधिकार कलम १३८(१अ) ने राज्यांना २०१९ मध्येच दिला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे नियम सहा महिन्यांत करण्यास राज्यांना सांगितले.

प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती असते. मुली रोज राँग साइडने शाळेत जातात अशी जागा गावाला माहीत असतेच. ती जागा, डिव्हायडरच्या दोन फटींमधले अंतर आणि सर्व्हिस रोडची मागणी ग्रामसभेच्या ठरावात लिहून त्या समितीकडे पाठवावी, आणि त्याची पोच घ्यावी.